पायाखाली जमीन, पाठीशी मंडळी



हल्ली बैठकांमध्ये दोन गोष्टी पुन्हा पुन्हा कानावर येतात. पहिली, "माझा पट्टा आला, आता मी बैठकीला कशाला येऊ?" दुसरी, "तो चर्चला जातो, हा भगताकडे जातो, यांचं एका घोंगडीवर कसं जमणार?" या दोन्ही गोष्टींनी संघटना आतून पोखरते. बाहेरच्या माणसाला मग काही करावंच लागत नाही. म्हणून या अंकात आम्ही एका लांबच्या गावाची हकीकत सांगणार आहोत. गाव अमेरिकेतलं आहे, माणसं काळी आहेत, देव येशू आहे. पण जमीन, कर्ज, नदी, धरण, मतदारयादी हे सगळं वाचताना तुम्हाला ओळखीचं वाटेल. आम्ही कोणाच्या धर्माचा प्रचार करत नाही. माणसं एकत्र राहिली म्हणजे काय होतं, तेवढंच सांगतो.

अमेरिकेच्या दक्षिणेला अलाबामा नावाचं राज्य आहे. तिथे त्याच नावाची मोठी नदी वाहते. विलकॉक्स जिल्ह्यात ही नदी असं वळण घेते की मधल्या जमिनीला तीन बाजूंनी पाणी लागतं. त्या वळणातल्या गावाचं नाव गीज बेंड, म्हणजे गी मालकाचं वळण. १८१६ साली जोसेफ गी नावाचा गोरा मालक नॉर्थ कॅरोलिना राज्यातून तिथे आला आणि गुलामांना राबवून त्याने कापसाचा मळा उठवला. गावाचं नावसुद्धा मालकाचंच. राबणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

पुढे गीच्या वारसांवर कर्ज झालं. २९,००० डॉलर फेडायचे होते म्हणून १८४५ साली त्यांनी अख्खा मळा नात्यातल्या मार्क पेटवेला देऊन टाकला. जमिनीबरोबर माणसंही गेली, जशी बैलजोडी जाते तशी. पेटवेने आपल्याकडचे शंभराच्या आसपास गुलाम नॉर्थ कॅरोलिनाहून आणले. मालकाचं कुटुंब गाडीत आणि बाकी माणसं शेकडो मैल पायी. त्या माणसांना मालकाचंच आडनाव लागलं. आजही त्या गावात घराघरात पेटवे आडनाव सापडतं. नातं रक्ताचं नाही, ते विकत घेतल्याची खूण आहे.

आता चर्चकडे येऊ. गुलामांना मालक धर्म शिकवायचे ते आपल्या सोयीचा. मालकाची आज्ञा पाळा, चोरी करू नका, मेल्यावर सुख मिळेल. १८३२ साली अलाबामात कायदा झाला की काळ्या माणसाला लिहावाचायला शिकवलं तर दंड. म्हणजे पुस्तक मालकाच्या हातात आणि अर्थही मालकाच्या तोंडचा. पण दक्षिणेत ठिकठिकाणी गुलाम रात्री रानात, ओढ्याच्या काठाला, कोणाला ऐकू जाणार नाही अशा जागी जमत. तिथे ते आपली प्रार्थना करत आणि आपली गाणी म्हणत. बायबलमधली एक गोष्ट त्यांनी आपली मानली. राजाच्या गुलामीतून निघून आपल्या जमिनीकडे चाललेल्या लोकांची ती गोष्ट. मालकाने आज्ञा पाळायला शिकवलं आणि यांनी त्याच पुस्तकातून सुटायची वाट शोधली.

१८६५ साली गुलामी कायद्याने संपली. त्यानंतर काळ्या लोकांनी दक्षिणेतल्या गावोगावी आपल्या वेगळ्या मंडळ्या उभ्या केल्या. बहुतेक बाप्टिस्ट पंथाच्या. का, ते समजून घेण्यासारखं आहे. बाप्टिस्ट पंथात वरून हुकूम सोडणारा मोठा धर्माधिकारी नसतो. प्रत्येक गावची मंडळी स्वतंत्र असते. पाळक कोण ठेवायचा, सेवक म्हणजे डीकन कोण निवडायचे, वर्गणीचा पैसा कुठे खर्च करायचा, हे मंडळीचे सभासद बैठकीत ठरवतात. बाप्तिस्माही तान्ह्या पोराला देत नाहीत. माणूस कळता झाला, त्याने स्वतः चारचौघांत होय म्हटलं, की मग त्याला पाण्यात पूर्ण बुडवून काढतात. ज्या माणसाला जन्मात कोणी काही विचारलं नव्हतं, त्याला इथे पहिल्यांदा विचारलं गेलं की बाबा रे, तुझी मर्जी काय आहे? शेतात मालकाचा हुकूम, दुकानात सावकाराचा हुकूम, कचेरीत साहेबाचा हुकूम. चर्चमध्ये मात्र हात वर करून ठरवायचं. ती त्यांची ग्रामसभाच होती म्हणा.

गीज बेंडच्या अशाच मंडळीचं नाव प्लेझंट ग्रोव्ह बाप्टिस्ट चर्च. साध्या गावकऱ्यांचं साधं चर्च. पुढे त्याच चर्चमध्ये काय घडलं ते सांगतोच. पण आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. चर्च होतं म्हणून लोकांचं पोट भरलं असं झालं नाही.

गुलामी गेली, पण जमीन पेटवेचीच राहिली. १८९५ साली पेटवेंनी मळा विकला तो टस्कालूसा शहरातल्या एका वकिलाला. तो गावात राहायचासुद्धा नाही. लोक त्याच जमिनीवर कुळं म्हणून, अर्धेलीने राबत राहिले. बी, खत, अवजार, खायला पीठ, सगळं उधारीवर. कापूस निघाला की हिशेब व्हायचा, आणि हिशेबाची वही दुकानदाराची. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना खावटी आणि लग्नगडी हे शब्द माहीत आहेत. त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. वर्षभर घाम गाळायचा आणि शेवटी ऐकायचं, "अजून बाकी आहे."

१९२० नंतर कापसाचा भाव घसरत गेला. बाकी वाढतच गेली. तालुक्याच्या गावचा एक व्यापारी तिथल्या साठाहून जास्त कुटुंबांना उधार द्यायचा. १९३२ साली तो मेला. त्याच्या बायकोने सगळी वसुली एकदम काढली. वसुलीची माणसं गावात शिरली आणि बैल, खेचरं, गायी, डुकरं, कोंबड्या, गाड्या, नांगर, साठवलेला मका, रताळी, जे दिसलं ते उचलून नेलं. पुढचा हिवाळा लोकांनी रेडक्रॉसच्या पिठावर आणि रानात मिळेल त्यावर काढला. त्या वेळी चर्च होतं, प्रार्थना होती, एकमेकांना धरून राहायची रीत होती. म्हणून गाव विखुरलं नाही. पण चर्चला गाडीपुढे उभं राहून बैल थांबवता आला नाही. कारण जमीन आपली नव्हती आणि कागदही आपला नव्हता. हे आम्ही मुद्दाम लिहितो. नुसत्या एकीच्या गाण्यांनी वसुली थांबत नाही.

मग एक गोष्ट झाली. अमेरिकेत मोठी मंदी होती. रूझवेल्टच्या सरकारने गरीब शेतकऱ्यांसाठी योजना काढल्या. १९३७ साली सरकारने जुन्या पेटवे मळ्याची सुमारे १०,००० एकर जमीन विकत घेतली. घरं बांधली, शाळा काढली, सहकारी दुकान आणि कापूस पिंजायची गिरणी उभी केली. १९४० नंतर लोकांना कमी व्याजाचं, लांब मुदतीचं कर्ज दिलं आणि ज्या जमिनीवर त्यांचे आजे-पणजे गुलाम म्हणून राबले, तीच जमीन त्यांनी हप्त्याहप्त्याने विकत घेतली. ज्यांना एके काळी जमिनीबरोबर विकलं होतं, ते आता जमिनीचे धनी झाले.

खरं तर ती जमीन त्यांना फुकट मिळायला हवी होती. सव्वाशे वर्षं राबल्याची मजुरी काढली असती तर उलट सरकारच देणं लागलं असतं. पण कागद हातात आला, हे खरं. त्या कागदाने काय केलं ते वीस वर्षांनी दिसलं.

अलाबामा राज्याने १९०१ साली नवी राज्यघटना केली होती. तिच्यात काळ्यांना मत मिळू नये म्हणून पट्टी, वाचनाची परीक्षा असे अडथळे घातले होते. विलकॉक्स जिल्ह्यात चारातले तीन लोक काळे. पण १९६५ साल उजाडेपर्यंत मतदारयादीत एकाही काळ्या माणसाचं नाव नव्हतं. युक्ती बघा. अर्ज करायचा तर आधीपासून यादीत असलेल्या माणसाने येऊन "मी याला ओळखतो" असं सांगायचं. यादीत सगळे गोरे. काळ्याला ओळखतो म्हणायला गोरा कचेरीत येणार का? म्हणजे दार उघडं आहे असं सांगायचं आणि किल्ली आतल्याच माणसाकडे ठेवायची. कचेरीतून "अमुक दाखला आणा, तमक्याची सही आणा" हे ऐकलेल्या आपल्या माणसांना ही युक्ती लगेच कळेल.

१९६३ साली गीज बेंडचे काही शेतकरी नाव नोंदवायला कॅम्डेन या जिल्ह्याच्या गावी गेले. बर्नार्ड लाफायेट नावाचा तरुण कार्यकर्ता शेजारच्या सेल्मा शहरात लोकांना जागं करत होता, तोही त्यांच्याबरोबर होता. नाव काही लागलं नाही. पण आपण गेलो आणि परत आलो, हे गावाने पाहिलं. भीती तिथून कमी व्हायला लागली.

त्याआधीच, १९६२ साली, नदीवरची तर बंद झाली होती. कॅम्डेन नदीच्या पलीकडे अगदी समोर. तरीने थोड्या वेळात पोचायचं. तर बंद झाल्यावर रस्त्याने वळसा घालून ६० किलोमीटरहून जास्त जावं लागे. दवाखाना पलीकडे, बाजार पलीकडे, कचेरी पलीकडे. गावात गाड्या किती असणार? लोकांना मतदारयादीपासून लांब ठेवण्यासाठीच तर काढली, असं गाव आजही सांगतं. गोळी न घालता गाव कसं अडवायचं ते असं. रस्ता काढून घ्यायचा.

तरी लोक थांबले नाहीत. १९६५ च्या फेब्रुवारीत, पावसाच्या रात्री, मार्टिन ल्यूथर किंग गीज बेंडला आले. सभा कुठे झाली? त्याच प्लेझंट ग्रोव्ह बाप्टिस्ट चर्चमध्ये. कारण दुसरीकडे अशी सभा घ्यायला जागा कोण देणार? किंग स्वतः बाप्टिस्ट पाळक होते. त्यांनी लोकांना सांगितलं की तुम्हीही कोणीतरी आहात, तुमची किंमत आहे. पिढ्यान्पिढ्या ज्यांना उलट सांगितलं गेलं होतं त्यांच्यासाठी हे वाक्य लहान नव्हतं. पुढच्या दिवसांत गावची माणसं कॅम्डेनच्या मोर्चात गेली, त्यांनी अश्रुधूर खाल्ला, ती तुरुंगात गेली. ७ मार्च १९६५ ला सेल्माच्या पुलावर पोलिसांनी मोर्चाला झोडपलं. सगळ्या जगाने ते पाहिलं. ६ ऑगस्ट १९६५ ला मतदानाच्या हक्काचा कायदा झाला.

आता आमच्या मुद्द्याची गोष्ट ऐका. विलकॉक्स आणि शेजारच्या लाउंड्स जिल्ह्यात इतरही पुष्कळ काळ्या लोकांनी नाव नोंदवलं. त्यांच्याही मंडळ्या होत्या, तेही तीच गाणी म्हणत होते. पण जे मालकाच्या जमिनीवर राहत होते त्यांना मालकाने सांगितलं, उद्या सकाळी घर खाली करा. लाउंड्समध्ये तर हाकललेल्या कुटुंबांना तंबू ठोकून राहावं लागलं. गीज बेंडच्या माणसाला मात्र असं घराबाहेर कोणी काढू शकलं नाही. घर त्याचं, शेत त्याचं. म्हणून त्या गावची माणसं पुढे झाली आणि टिकली. धैर्य सगळ्यांकडे होतं. गीज बेंडकडे धैर्याला उभं राहायला जमीनसुद्धा होती.

उलटही तितकंच खरं आहे. जमीन मिळून वीस वर्षं झाली होती. प्रत्येकाने आपापलं शेत धरून घरी बसायचं ठरवलं असतं तर? चर्चच्या बाकावर दर रविवारी शेजारी बसायची सवय नसती, डीकन निवडायची आणि वर्गणीचा हिशेब विचारायची सवय नसती, तर किंग आले असते आणि सभेला कोण आलं असतं? जमीन एकेकट्याची झाली होती, पण बसणं-उठणं सगळ्यांचं एकत्र राहिलं होतं.

बायांचं काम वेगळं सांगायला हवं. या गावच्या बाया गोधड्या शिवत. जुन्या कामाच्या विजारी, फाटके सदरे, पिठाच्या आणि खताच्या गोण्या, जे हाती लागेल त्यातून. थंडी घालवायला शिवायच्या, दुकानात मांडायला नव्हे. शिवताना त्या चर्चमधली गाणी म्हणत. १९६६ साली फ्रान्सिस वॉल्टर या पाळकाच्या मदतीने तिथल्या आणि आजूबाजूच्या बायांनी सहकारी संस्था काढली. नाव फ्रीडम क्विल्टिंग बी. आपल्या बोलीत स्वातंत्र्य गोधडी मंडळ म्हणा. न्यूयॉर्कला गोधड्या विकल्या गेल्या आणि कित्येक बायांनी पहिल्यांदा आपल्या हाताने कमावलेला पैसा पाहिला. या संस्थेने १९६९ साली २३ एकर जमीन घेतली. शिवणाचं केंद्र बांधलं आणि त्यातले काही तुकडे मतासाठी घरातून हाकललेल्या कुटुंबांना दिले. हे वाचून आम्ही थांबलो. ज्यांना जमीन होती त्यांच्या शेजारच्या बायांनी सुईच्या पैशातून जमीन घेतली आणि ती बेघरांना दिली. संघटना हिलाच म्हणायचं.

१९६८ साली किंगचा खून झाला. त्यांची शवपेटी साध्या शेतगाडीवर ठेवली होती आणि ती ओढणारी खेचरं गीज बेंडची होती, असं सांगतात. २००२ साली याच गोधड्या मोठमोठ्या संग्रहालयांत भिंतीवर टांगल्या गेल्या. २००६ साली अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर त्यांची चित्रं आली.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. १९६० नंतर गावाच्या खालच्या अंगाला मिलर्स फेरी इथे धरण झालं. नदीकाठची काळी, कसदार जमीन पाण्याखाली गेली, हजारो एकर. धरण ठरलं तेव्हा त्या गावात एकालाही मत नव्हतं. विचारणार कोणाला? कष्टाने, हप्ते भरून घेतलेली जमीन पाण्याने नेली. शेती आटली आणि पोरं पोटासाठी शहरांकडे गेली. बंद केलेली तर पुन्हा सुरू झाली २००६ साली. ४४ वर्षं लागली. मताचा हक्क १९६५ ला आला, पण नदी ओलांडायचा रस्ता मिळायला आणखी ४१ वर्षं गेली. म्हणजे कायदा झाला की काम झालं, असं कधीच नसतं.

या गावाकडून आम्ही काय घ्यावं असं आम्हाला वाटतं ते लिहितो.

एक. कागदाशिवाय एकी हवेत राहते आणि एकीशिवाय कागद पेटीत राहतो. वनहक्क कायद्याचा पट्टा विकता येत नाही, तो वारसाला जातो, नवरा-बायको दोघांच्या नावावर असतो. त्यामुळे सावकार तो लिहून घेऊ शकत नाही. ही आपल्या कायद्याची ताकद आहे. पण शेजाऱ्याचा दावा फेटाळला गेला आणि आपण घरी बसलो, तर उद्या जंगलाचा, पाण्याचा, धरणाचा प्रश्न येईल तेव्हा आपल्या बाजूला कोण बसणार?

दोन. म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याकडून सगळं लिहून घ्या. १९४१ साली एक माणूस यंत्र घेऊन गीज बेंडला गेला आणि त्याने तिथली प्रार्थना, गाणी, बोलणं उतरवून घेतलं. ते आजही तिकडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. आपल्या कायद्यात तर गावच्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. जुनी विहीर, पुरायची जागा, देवाची जागा, हेही पुराव्यात धरलं जातं. मग ती जागा वाघदेवाची असो की क्रूस रोवलेली असो. दोन्ही एकच गोष्ट सांगतात, की आम्ही इथे आधीपासून आहोत.

तीन. कोण कुठल्या देवापुढे हात जोडतो यावरून बैठकीतली घोंगडी फाडू नका. गीज बेंडच्या मंडळीचं मोठेपण येशूचं नाव घेण्यात किती होतं ते ज्याचं त्याने ठरवावं. आम्हाला दिसतं ते एवढंच, की ती जागा कोणा मालकाच्या हुकमाखाली नव्हती, तिथे प्रत्येकाला बोलता येत होतं आणि हिशेब सगळ्यांसमोर होत होता. आपल्या पाड्यात अशी एक तरी जागा आहे का? समाजमंदिर असेल, शाळेचा ओटा असेल, मोहाचं झाड असेल. कोणाच्या परवानगीशिवाय जिथे बसता येतं अशी जागा धरून ठेवा.

चार. बायांना बैठकीत मागे बसवू नका. तिकडे बायांच्या सुईने बेघरांना जमीन दिली.

येत्या अमावास्येच्या आत प्रत्येक पाड्याने एक काम करावं. ज्यांना पट्टा मिळाला त्यांनी, ज्यांचा दावा अडकला आहे अशा एका घरी जाऊन बसावं. कागद काय काय जोडले, काय राहिलं, वरून काय कारण लिहून आलं, ते वाचून दाखवावं. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराला बरोबर न्यावं. कारण लेखी दिलं नसेल तर ते लेखी मागावं. आणि पुढच्या बैठकीत सांगावं की आपण कोणाच्या घरी जाऊन बसलो. नावं आम्ही वहीत लिहून घेणार आहोत.

जोहार. संघटना जिंदाबाद.